क्षय घराण्यात होता की खोलीत?

प्रश्न: आमचे पणजोबा परळला मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. १९१५ च्या आसपास क्षयाने गेले असं घरात सगळे सांगतात, पण मुंबईत त्यांच्या मृत्यूची नोंद काही सापडत नाही. त्यांच्या मागोमाग धाकटा भाऊ पण तसाच गेला, म्हणून आजी कायम दबक्या आवाजात सांगायची की आपल्या घराण्यातच क्षय आहे, लग्नाच्या बोलणीत हे काढायचं नाही. हे खरंच रक्तातून येतं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: आधी आजीचं बघू. क्षय रक्तातून येत नाही, जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने १८८२ सालीच त्याचा जंतू दाखवला होता. पण आजीला वेडं ठरवू नका हां, एका घरातली दोन माणसं ओळीने गेलेली बघितल्यावर कुणालाही तसंच वाटणार. मला विचाराल तर दोष त्या खोलीचा. १९११ च्या जनगणनेत मुंबईची सुमारे ६९ टक्के वस्ती एकखणी बिऱ्हाडात होती, खोलीमागे सरासरी साडेचार माणसं, आणि ही झाली सरासरी. कोकणातले गडी तर एकाच गावचे दहा-बारा जण मिळून गाळा, म्हणजे चाळीतली एक खोली घ्यायचे, भिंतीला ट्रंका, रात्री वळकट्या उलगडल्या की पाय ठेवायला जागा नाही, त्यात चुलीचा धूर आणि खिडकी असली तर ती घरगल्लीत, म्हणजे दोन चाळींमधल्या सांडपाण्याच्या बोळात उघडणारी, म्हणजे घाणीमुळे ती पण बंदच. एकजण रात्रभर खोकला की जंतू त्याच हवेत तरंगत राहणार आणि बाकीचे तीच हवा ओढणार. ऊन लागलं तर हा जंतू मरतो, पण ऊन आत येणार कुठून!

हे सरकारला कळत नव्हतं असं नाही. १८९६ ला प्लेग आला, मग १८९८ मध्ये दाट वस्त्या पाडून शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याचे चेअरमन ऑरसाहेब एका कोनाच्या मागे लागले होते, साडेत्रेसष्ट अंशाचा. साधं सांगायचं तर समोर जेवढी मोकळी जागा त्याच्या दुप्पटच उंची, म्हणजे १० फूट जागा सोडली तर २० फुटांवर इमारत न्यायची नाही, तरच तळमजल्याच्या खोलीत उजेड पोचतो. हिशोब एकदम चोख. गंमत म्हणजे (गंमत कसली) ट्रस्टने पाडलं भरपूर आणि बांधलं त्या मानाने कमी, त्यामुळे उठवलेली माणसं शेजारच्या चाळीत जाऊन अजून दाटीने राहिली.

मिलमध्ये वेगळी तऱ्हा नव्हती. धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवायची, वर कापसाची पूड आणि १९११ च्या कायद्यानंतर सुद्धा १२ तासांपर्यंत काम. औषध म्हणाल तर स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ ला, तोवर हवापालट, दूध-अंडी, आराम. समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी सिमल्याकडे धरमपूरला क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम काढलं होतं, पण साच्यावरच्या माणसाला ते कुठलं परवडायला, काम सुटलं की पगार बंद.

आणि इथेच तुमच्या नोंदीचं उत्तर असेल असं मला वाटतं. अंगातली ताकद गेली की हे लोक आगबोटीने गावी परतायचे. मरण गावात, त्यामुळे मुंबईच्या आकड्यात ते येतच नाही, मुंबईतल्या क्षयाचे जुने आकडे वाचताना हे डोक्यात ठेवायलाच हवं. वर गावच्या घरात आजारी माणसाचं उष्टं-खरकटं, अंथरूण सगळं करणारी बायको, भावंडं, पोरं, त्यांना तो मिळायचा. धाकटे भाऊ तसेच गेले असतील, किंवा ते पण त्याच गाळ्यात राहत असतील, घरात विचारून बघा.

तेव्हा मुंबईत शोधणं थांबवा आणि तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४ मागा, जन्म-मृत्यूचा. बरीच पानं मोडी लिपीत असतात, वाचणारं कुणीतरी सोबत न्या. आणि कारणाच्या रकान्यात क्षय नसून नुसतं 'ताप' असलं तर हा आपला माणूस नव्हेच म्हणून पान उलटू नका, त्या काळी गावात बहुतेक मरणं तापावरच जमा व्हायची.