विद्यापीठ निवडताना कॅम्पसवरच्या वातावरणाला किती महत्त्व द्यावं?

तुम्हाला गोवा विद्यापीठात एमएला प्रवेश मिळतोय, पण मैत्रिणी म्हणतात "तिथे कॅम्पस लाइफ नाही, पुण्यालाच जा", म्हणून तुम्ही हे विचारलंय. माझं म्हणणं, वातावरणाला भरपूर वजन द्या. फक्त महोत्सव किती होतात ते मोजू नका. संध्याकाळी पाचनंतर आवारात कोण उरतं आणि त्यात तुम्ही असणार का, ते बघा.

मी उत्तर गोव्यातल्या वाळपईची. पहिलं वर्ष रोज जाऊन-येऊन केलं. आधी पणजीची बस, मग स्टँडवरून विद्यापीठाची दुसरी. शेवटचं लेक्चर चालू असतानाच माझी नजर घड्याळावर असायची. कुणी चहाला बोलावलं की "बस चुकेल गो" हे उत्तर ठरलेलं. वर्ष सरलं तेव्हा वर्गातल्या सगळ्यांची नावं पाठ होती, पण मनातलं बोलावं असं कुणीच नव्हतं.

गोवा लहान, घर गाठता येतं, म्हणून बरेचजण घरीच परततात. शिवाय १९८५ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाचं ताळगाव पठारावरचं आवार चारशे एकरांहून मोठं. दुसऱ्या विभागातली माणसं सहज भेटत नाहीत. झुआरीनगरचं बिट्स हे अभियांत्रिकीचं विद्यापीठ निवासी, तिथली गोष्ट वेगळी. त्यामुळे "गोव्यात कॅम्पस लाइफ नाही" हे सरसकट विधान मला पटत नाही.

दुसऱ्या वर्षी मला हॉस्टेलवर खोली मिळाली आणि तेच विद्यापीठ निराळं वाटू लागलं. पावसाळ्यात पठारावर असा वारा सुटतो की छत्री उलटी होते. भिजत लायब्ररी गाठायची, ओढणी खुर्चीच्या पाठीवर वाळत घालायची आणि बंद होईपर्यंत बसायचं. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेचा अर्ज कधी भरायचा हे मला मेसमध्ये एका सीनियरने सांगितलं. तिथेच सागरी विज्ञान शिकणाऱ्या केरळच्या मुलीने एकदा विचारलं, "तुमच्या गावात लोक जत्रेला रात्रभर नाटक का बघतात?" मला ते इतकं रोजचं होतं की धड सांगता येईना. हात तसेच उष्टे ठेवून मी तिला तासभर समजावत बसले: देवळापुढचा मंडप, भूमिका करणारी गावातलीच माणसं, आणि घरात कोकणी बोलणाऱ्यांची रंगमंचावरची मराठी. माझ्या प्रबंधिकेचा विषय त्या ताटावर सापडला. पहिल्या वर्षी त्या वेळी मी वाटेतल्या साखळी गावाच्या आसपास बसमध्ये डुलक्या घेत असायचे.

पुण्यातही खोली लांब मिळाली आणि रोज दोन बस बदलाव्या लागल्या, तर माझ्या पहिल्या वर्षासारखंच होईल. म्हणून ठरवण्याआधी दोन्हीकडे कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला जाऊन या. ऑफिसात विचारू नका, कँटीनमध्ये बसलेल्या मुलींशी बोला. गोवा ठरलं, तर प्रवेशाबरोबरच हॉस्टेलचा अर्जही टाका. घरचे "घर जवळ असताना हॉस्टेल कशाला?" म्हणतील. माझ्या आईनेही म्हटलं होतं. तिला मी रोज बसमध्ये जाणारे तास कागदावर मांडून दाखवले, मग तिनेच गादी बांधून दिली.