आईला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे. मोठं झाल्यावर मुलांनी यातून सावरायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की आईच्या वागण्याला डॉक्टरांनी आत्ता, तिच्या पन्नाशीनंतर, हे नाव दिलं: भावना झटकन टोकाला जाणारा, ‘मला सोडून जातील’ या भीतीने घेरणारा मानसिक आजार. तुम्ही तिशीच्या आहात, दुसऱ्या शहरात नोकरी करता, तरी फोनवर तिचं नाव दिसलं की पोटात गोळा येतो. संबंध तोडणं हाच उपाय उरतो का, असं विचारलंय, आणि जाता जाता ‘की मीच उगाच बाऊ करतेय?’ असंही. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. डॉक्टर नाही, अशाच एका आईचा मुलगा आहे. तेवढ्याच अधिकाराने लिहितो, आणि तुमच्या त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो.

आमचं घर इचलकरंजीत, यंत्रमागाच्या कारखान्याला लागून. रात्रंदिवस खटखट. पाहुण्यांना शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण मला त्या आवाजातूनही आईने स्वयंपाकघरात पातेलं कसं ठेवलं ते कळायचं. ओट्यावर टेकवून ठेवलं तर दिवस बरा. आदळलं, तर धाकट्या बहिणीचा हात धरून गच्ची गाठायची. झाकणी पडल्याचा आवाज वेगळा, फेकल्याचा वेगळा. गणितात मी यथातथाच होतो, या विषयात मात्र कधी चुकलो नाही.

सकाळी मी तिचा श्रावणबाळ असायचो. संध्याकाळी मित्राकडून यायला अर्धा तास उशीर झाला की अस्तनीतला निखारा. ‘जा, त्यांच्याकडेच राहा’ म्हणून आतून कडी. अण्णा दुसऱ्या पाळीवरून परत येईपर्यंत मी पायरीवर. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तूप सुटलेला शिरा, केसांतून हात, जणू काही झालंच नव्हतं. मला विचाराल तर त्या कडीपेक्षा हा शिरा जास्त नडला. कारण काल काय घडलं हे विचारायची सोयच नव्हती. ‘मी कधी ठेवलं तुला बाहेर? काय वाट्टेल ते बोलतोस.’ ती खोटं बोलत होती असं मला आजही वाटत नाही. पण घरातलं एक मोठं माणूस ‘असं घडलंच नाही’ म्हणतंय आणि दुसरं ‘तिचा स्वभावच तसा आहे, तू समजून घे’ म्हणतंय, तर पोरगं शेवटी स्वतःच्या आठवणीवरच संशय घ्यायला लागतं. ‘मीच बाऊ करतेय का’ हा प्रश्न तिथून येतो. तो तुमचा नाही, तुम्हाला घरातून मिळालेला आहे.

आजाराला नाव मिळायला आमच्याकडेही वेळ लागला. आधी ते ‘बाहेरचं’ होतं, म्हणून नृसिंहवाडीच्या वाऱ्या झाल्या. मग काही वर्षं बायपोलर (मन कधी अतिउत्साहात, कधी खोल उदास, असा आजार) म्हणून गोळ्या. शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांनी निवांत बसवून घेतलं आणि एक साधी गोष्ट विचारली: हे रडणं, हा राग टिकतो किती वेळ? बायपोलरचे चढउतार बहुधा दिवसदिवस, आठवडे चालतात. बॉर्डरलाइनमध्ये दुपारी उठलेलं वादळ रात्री शमलेलं असू शकतं, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा माणसांत असतं. कोणी फोन उचलला नाही, कोणी उशिरा आलं, म्हणजे आता हा मला सोडून जाणार. निदानाच्या नऊ निकषांपैकी किमान पाच बसावे लागतात. ही यादी नेटवर सहज मिळते, म्हणून हात जोडून सांगतो, ती घेऊन सासूचं आणि साहेबांचं निदान करत बसू नका.

नाव मिळाल्यावर मी एक चूक केली. आता हिला बरं करायचंच, असा चंग बांधला. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) नावाच्या, उसळत्या भावना सांभाळायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीबद्दल वाचून काढलं. ती मार्शा लिनेहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी उभी केली, आणि तरुणपणी आपण स्वतःच अशा यातनांतून गेलो, हॉस्पिटलात ठेवावं लागलं होतं, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलने याच आजाराच्या २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. दहा वर्षांत दहापैकी नऊहून जास्त जणांची लक्षणं किमान दोन वर्षं निकषांच्या खाली राहिली. नाती, नोकरी सगळं धरून पूर्ण सावरले ते मात्र निम्मेच. मी हे सगळं छापून घेऊन गेलो. आई म्हणाली, ‘म्हणजे मी वेडी, असंच ना?’ कागद चुलीत. यात माझी दोन वर्षं गेली. तिचं बरं होणं शक्य आहे, त्याची आशाही ठेवावी. पण मी माझं बरं होणं तिच्या खुंटीला टांगून ठेवलं होतं.

मला हलवलं ते माझ्या मुलीने. ती सहा वर्षांची होती. ऑफिसातलं काहीतरी डोक्यात घेऊन मी वाटी जरा जोरात टेबलावर ठेवली. तिला पाणी हवं होतं. तोंड उघडलं, थांबली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि न मागताच आत गेली. तो चेहरा मी ओळखत होतो. पुढच्याच आठवड्यात पुण्यातल्या एका समुपदेशक बाईंची वेळ घेतली.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, चहा की पाणी? मी म्हटलं, काहीही चालेल. त्या म्हणाल्या, ‘काहीही’ आमच्याकडे मिळत नाही. हसलो, आणि मग खरंच गप्प झालो, कारण मला सांगता येईना. समोरच्याला काय हवंय हे मला आवाजावरून कळतं, स्वतःला काय हवंय ते विचार करूनही नाही. वर्षभर आमचं काम मुख्यतः हेच चाललं. आज राग आला का? छातीत की पोटात? भूक लागलीय की नुसती धास्ती आहे? ऐकायला बालवाडी वाटेल. आहेच ती. माझी तेव्हा राहिली होती.

त्यांच्याच सांगण्यावरून एका वहीत जुने प्रसंग लिहायला लागलो. पायरीचा प्रसंग लिहिला आणि नेहमीसारखं वाटलं, आपण रंगवून तर सांगत नाही? धीर करून बहिणीला फोन केला. तुला पायरी आठवते का गं? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘दादा, मी आत स्टूल शोधत होते. कडीला हात पुरत नव्हता माझा.’ इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी हे बोललो नव्हतो. तुम्हाला भाऊ-बहीण, मावशी, शेजारच्या काकू, कोणीही साक्षीदार असेल तर त्यांच्याशी एकदा बोला. नसेल तर वही आहेच. आईला मात्र साक्षीला बोलावू नका. तिच्याकडून कबुली मिळेल या आशेवर मी जितक्या वेळा गेलो, तितक्या वेळा पुन्हा पायरीवर बसलो.

आता फोनचं. आईला मी एकदाच, ती शांत असताना सांगितलं की आवाज चढला की मी फोन ठेवणार आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता परत करणार. यातला दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा. आपल्याला कोणी सोडून जाईल ही तिची भीती आहे, तेव्हा परत येण्याची वेळ सांगायची आणि ती पाळायचीच, ताप असला तरी. सुरुवातीला प्रकरण चिघळतं, त्याची तयारी ठेवा. एका संध्याकाळी सत्तेचाळीस मिस्ड कॉल होते. अठ्ठेचाळिसावा उचलला असता, तर ती एवढंच शिकली असती की अठ्ठेचाळीस वेळा करायचा. खुलासे देत बसू नका. ‘मला आता ऐकवत नाही, उद्या बोलू’ एवढं पुरे.

पण ‘मी जिवाचं काहीतरी करून घेईन’ असं ती म्हणाली, तर हा नियम लागू नाही. ही नुसती धमकी आहे असं कधीही धरून चालू नका. या आजारात आत्महत्येचा धोका खरा असतो. तिच्या जवळ कोण पोचू शकेल त्यांचे नंबर आणि डॉक्टरांचा नंबर आधीच काढून ठेवा, गोळ्यांचा साठा घरात राहू देऊ नका (आमच्याकडे शेजारच्या काकू आठवड्याच्या आठवड्याला देतात). सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं, आणि ती तुमच्यासाठीही आहे. माणूस पाठवणं तुमच्या हातात आहे. रात्रभर फोनवर एकटीने तिला जगवत ठेवणं नाही.

संबंध तोडायचे का? मी तोडले नाहीत. माझ्या बहिणीने तोडले, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही. मारहाण होत असेल, तुमच्या मुलांना धोका असेल, तर तोडणंच शहाणपणाचं. कायद्याचं म्हणाल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने, स्वतःचं भागवू न शकणाऱ्या आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर आहे, पण निर्वाह म्हणजे खाणं, कपडे, निवारा, औषधपाणी. प्रत्येक फोन उचलणं त्यात येत नाही. हा निर्णय पोटात गोळा असताना मात्र घेऊ नका, कुठल्याच बाजूने. नातेवाईक ‘नऊ महिने पोटात वाढवलंय तिनं’ म्हणतील. माझ्या मावशीला मी ‘हो’ एवढंच म्हणतो. खरंच आहे ते. आणि कडीही खरी आहे.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. राग ओसरला की दुःख येतं. आई जिवंत आहे, रविवारी फोनवर भाजी काय केलीस विचारते, आणि तरी आपल्याला हवी होती ती आई कधी मिळणार नाही याचं सुतक तुम्हाला येतं. त्याला भेटायला कोणी येत नाही, तेरावा नसतो. मी दोनेक महिने बाइकवर हेल्मेटच्या आत रडत ऑफिसला गेलो. मग कमी झालं.

मी पूर्ण बरा झालोय असं नाही. गेल्या महिन्यात पहाटे सहाला स्वयंपाकघरात मोठा आवाज झाला. मी अंथरुणात ताडकन उठून बसलो, हात थंड. आतून मुलीचा आवाज आला, ‘काही नाही, पातेलं पडलं!’ आणि ती पुन्हा गुणगुणायला लागली. ती आता अकरा वर्षांची आहे. स्वतःचं दूध स्वतः तापवते.