निकाल आहे, साक्ष नाही

अनेक उत्तम आशीर्वाद.

कथा मिळाली, दोनदा वाचली. विहिरीवरचा प्रसंग छान उतरलाय. आजीशी मात्र माझं भांडण आहे. जळगावकडच्या खेड्यात जन्म काढलेली बाई नातीला सांगते, 'आधी स्वतःवर प्रेम करायला शिक.' हे तिचं बोलणं नव्हे. रोज रात्री तू जे रील बघत झोपतेस, त्यातल्या कुणाचं तरी आहे. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी टाळीचं वाक्य येतं, तेही तिथलंच. ३० सेकंदांत ऐकणारा निसटू नये म्हणून त्या लोकांना तसं बोलावं लागतं. तुला कसली घाई आहे?

'चांगलं वाच' असं तुला सगळेच सांगतील. मी म्हणेन, आधी कानांवर काय पडतं ते बघ. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. असोद्याचं माहेर, जळगावचं सासर, शेतातली कामं, जात्यावरची गाणी, कीर्तनं, एवढी त्यांची शिदोरी. त्या रचत गेल्या, मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी ते टिपून ठेवलं. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. तुझी आजी त्याच मुलखातली. तिची बोली तू लहानपणापासून ऐकलीयस, मग कथेत ती गेली कुठे?

हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या बायकांच्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी आवाजासकट ऐकायला मिळतात. भावाला उद्देशून गायलेल्या मुद्दाम ऐक. माया, रुसवा, भावजयीला मारलेला टोमणा, सगळं एकाच दळणात. आई-सासूकडून ऐकत ऐकत बायकांनी हे उचललं, आणि नात्यातला राग कसा बोलावा हेही त्याबरोबर उचललं असणार, असं मला वाटतं.

भावावरून आठवलं. पत्रात तू त्याला 'टॉक्सिक' म्हटलंयस. असेलही, मी त्याला भेटलेलो नाही. पण दोन पानं त्याच्याविषयी लिहूनही त्याच्या तोंडचं एक वाक्य तू दिलेलं नाहीस. निकाल आहे, साक्ष नाही. कथेतल्या आजीचं तेच झालंय.

मोबाईल फेकून दे असं मी म्हणणार नाही. माझ्या दुपारी यूट्यूबवर नाट्यगीतं ऐकण्यात जातात. पण बोलणाऱ्याला अंगठ्याने मध्येच सरकवायची सवय जडली की घरच्यांचं लांबण सोसवत नाही. आपली माणसं मुद्द्यावर यायला वेळ लावतात. आधी पाऊस, मग शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन, आणि तू 'बरं, ठेवते' म्हणालीस की मुद्दा.

तर आजीला फोन लाव. कथेसाठी म्हणून काही विचारू नकोस, वाळवणाचं विचार. फोन ठेवलास की तिची दोन-तीन वाक्यं तिच्या उच्चारांसकट वहीत उतरव. शुद्धलेखन तपासत बसू नकोस. भावाचंही तसंच. तुझा राग ताजा असेल तेव्हा तर नक्कीच, त्या वेळी आपण समोरच्याचं बोलणं सर्वांत जास्त बदलून सांगतो.

विहिरीच्या प्रसंगाला हात लावू नकोस. शेवटचं पान मी पेन्सिलीने खोडलंय. तिथे नवीन काही लिहू नकोस, कथा आधीच्या पानावर संपलीय.