नांगर नुसता काढून बघ

चि. चित्रकारास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या निसर्गचित्रांचे फोटो पाहिले. आभाळ छान उतरलंय. बांधावर टेकवलेला नांगर मात्र तपकिरी रंगाचे दोन फटकारे वाटतो. हाळीस (जोखडाकडे जाणारा लांब दांडा) आणि रुमणं (हातात धरायचा दांडा) खोडात कसं बसतं, हे तू पाहिलेलं नाहीस. शेतकऱ्याला ते लगेच कळेल.

इंग्लंडचा निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल, त्याचा एक छोटा कागद शोधून बघ. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तपकिरी अस्तरावर तैलरंगात काढलेले नांगर, तारीख २ नोव्हेंबर १८१४. गंमत अशी, की सफक या त्याच्या परगण्यातल्या नांगरणीचं त्याचं चित्र त्याच वर्षी रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात आधीच लागून गेलं होतं. म्हणजे त्या चित्रासाठी हा खटाटोप नव्हताच. वडील गिरणीमालक, धान्याचे व्यापारी. अवजारं जन्मापासून डोळ्यांसमोर. तरीही हा माणूस नोव्हेंबरच्या थंडीत नांगर निरखत बसला.

त्याआधी २४ ऑक्टोबरला त्याने घोडागाडी अशीच रंगवली. ती पुढे डेडम गावाच्या देखाव्यात खताच्या ढिगाशेजारी उभी राहिली. ते चित्र एका नवरीला लग्नाची भेट म्हणून द्यायचं होतं, बरं का! आपल्याकडे आहेरात उकिरडा दिला असता तर काय झालं असतं, कोण जाणे. आणि १८२१ मध्ये लंडनला ‘द हे वेन’ (गवताची गाडी) हे त्याचं प्रसिद्ध चित्र रंगवताना गाडीचा तपशील हवा झाला, तेव्हा त्याने गावाकडून रेखाटनं मागवून घेतली. मनाने गाडी जुळवली नाही.

आता तुझं काम. जाड कागद घे आणि आधी त्याला सरस लाव. कोऱ्या कागदावर थेट तेल गेलं, तर तो काही वर्षांत कुजतो. वर तपकिरी रंगाचा पातळ हात दे आणि पूर्ण सुकू दे. याचा फायदा असा, की लाकडाचा मधला रंग तयारच मिळतो. तुला फक्त सावली आणि उजेड ठेवायचा. मागे डोंगर नको, झाड नको, सूर्यास्त तर नकोच. नुसता नांगर काढ. त्याच कागदावर तोच पुन्हा दुसऱ्या बाजूने.

फाळाकडे नीट बघ. मातीत घासून त्याचं टोक उजळलेलं असतं, तिथे आभाळाचा रंग पडतो; वरचा भाग गंजलेला. रुमण्याची मूठ हाताने गुळगुळीत झालेली, तिचा उजेड बाकी लाकडापेक्षा वेगळा. नांगर जमिनीला टेकतो तिथली काळी रेघ सगळ्यात आधी पकड. ती चुकली, की वजन गेलं. जोखड, त्यातल्या खुंट्या म्हणजे शिवळा, हे नंतर.

ट्रॅक्टर आल्यापासून पेरणीची पाभर, ढेकळं फोडायचा कुळव ही अवजारं बऱ्याच घरी गोठ्यातच पडून असतात. मालकाला विचारून अंगणात आणून घे, आणि शक्य असेल तर त्यालाच जोडून दाखवायला सांग. दोऱ्या कुठून कुठे जातात, हे फोटोवरून समजत नाही. फोटोवरून रंगवायची सवय मला पटत नाही, हे तुला माहीतच आहे.

यातलं काही चित्रात वापरायचं की नाही, ते आत्ता ठरवू नकोस. कागदामागे तारीख, गाव आणि अवजाराला तिथे जे म्हणतात ते नाव लिही. पुढच्या खेपेला फोटो काढताना उजेड एका बाजूने येऊ दे. या वेळचे रंग चमकून गेलेत.