पूर्वी न आवडलेल्या चित्रपटाबद्दल तुमचं मत पुढे बदललं आहे का? बदललं असेल तर कशामुळे?

हो, बदललं. तुम्ही पुढे विचारलंय की चित्रपट तर तोच असतो, मग मत बदलतं म्हणजे नेमकं काय होतं. याचं सरसकट उत्तर देण्यापेक्षा एकाच चित्रपटाबद्दल नीट सांगते. श्याम बेनेगल यांचा 'त्रिकाल', १९८५ चा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. काळ १९६१ चा, गोवा मुक्त होण्याच्या अगदी आधीचा. सोझ सोआरिश नावाचं एक मोठं ख्रिस्ती भाटकार, म्हणजे जमीनदार, घराणं. घरधनी अर्नेस्तो नुकताच वारलाय आणि त्याची बायको दोना मारिया ते मानायलाच तयार नाही. दुखवटा चालू असताना नातीचा साखरपुडा करायचा नाही, हा तिचा हट्ट. भारत आला तर काय होणार, इथे राहायचं की पोर्तुगालला, लिस्बनला जायचं, यावर पाहुण्यांचे वाद. चोवीस वर्षांनी गावी परतलेला रुईझ परेरा हे सगळं आठवून सांगतो. चित्रीकरण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात, लोटली गावात, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या घरात झालं होतं.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉलेजात होते आणि गोव्यात राजभाषेचं आंदोलन पेटलं होतं. आमचं घर मराठीवालं. देवळातलं कीर्तन मराठी, भजन मराठी, उत्सवातलं नाटक मराठी, आजोबांचे हिशेबसुद्धा मोडीत. फेब्रुवारी १९८७ मध्ये कायदा झाला. कोंकणी राजभाषा ठरली, मराठीला सरकारी कामात वापराची मुभा मिळाली, आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झालं. त्या दिवसांत आमच्याकडे जेवतानासुद्धा दुसरा विषय नसे. अशात कोणी तरी व्हिडिओ कॅसेट आणली, 'गोव्यावरचा सिनेमा' म्हणून. पडद्यावर दिसलं काय? मेणबत्त्या, मद्याचे प्याले, भाटकारांचा वाडा, त्यांचे नोकर. हिंदू गोवा जवळजवळ नाहीच. आणि जो आहे तो भुताच्या रूपात.

माझ्या तेव्हाच्या रागाचं मूळ या भुतात होतं. दोना मारिया नवऱ्याच्या आत्म्याला बोलावण्यासाठी रात्री बैठका मांडते. त्यासाठी माध्यम म्हणून बसवते मिलाग्रेनियाला, घरातल्या मोलकरणीला. पण नवरा येतच नाही. येतो राणे. सत्तरीचा बंडखोर, कुष्टोबा राणे. कुलभूषण खरबंदा त्या वेशात समोर उभा राहतो आणि या घराच्या पूर्वजांनी काय केलं ते तिला ऐकवतो.

सत्तरीच्या माणसाला राणे म्हणजे काय, हे गोव्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. १८५२ च्या जानेवारीत दिपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि पोर्तुगिजांना काही वर्षं जेरीस आणलं. शेवटी सरकारला तडजोड करावी लागली. पुढे कुष्टोबा उठला, तो १८७१ मध्ये मारला गेला. १८९५ चं बंड तर पणजीतल्या फौजेतून सुरू झालं. मराठा शिपायांना आफ्रिकेत मोझांबिकला धाडायचं ठरलं, तेव्हा ते हत्यारं घेऊन थेट सत्तरीत आले आणि राणे त्यांना मिळाले. आमच्याकडे हे पुस्तकात वाचावं लागत नाही. कुठल्या रानातून कोण पळाला, कोणत्या घराने कोणाला भात घातलं, हे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतं. आणि सिनेमाने त्या कुष्टोबाचं काय केलं होतं, तर एका भाटकारणीच्या दिवाणखान्यातली पिशाच्चबाधा. काका तर अर्ध्यातूनच उठून गेले. मी शेवटपर्यंत पाहिला, पण मत त्यांचंच घेऊन उठले.

ते मत खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. ज्या गोव्याचं चित्र जगापुढे नेहमीच चर्च, माडी आणि समुद्रकिनारा एवढंच जातं, त्यात आम्ही कुठे आहोत, हा प्रश्न रास्त होता. अजूनही आहे.

मग बदललं काय? एक गोष्ट माझ्याच तालुक्यात घडली. लग्नानंतर काही वर्षांनी शिगम्यात झरमे गावचा चोरोत्सव पाहायला गेले. लहानपणी ऐकून होते, पाहिला नव्हता. पूर्वी गावाने काही परक्या माणसांना चोर समजून मारलं आणि ते निरपराध होते असं मागाहून कळलं, अशी तिथली कथा. म्हणून दरवर्षी गावातलेच तरुण 'चोर' होतात. काहींना मानेपर्यंत जमिनीत पुरतात, बाहेर फक्त डोकं. काहींचं डोकं मातीत आणि धड वर. ढोल वाजत असतात, बायका येऊन पाया पडतात, ओटी भरावी तशा श्रद्धेने. मारलेल्यांना गाव विसरू देत नाही, स्वतःच्याच मुलांच्या अंगावर त्यांना परत आणतं.

तिथे उभी असताना मला 'त्रिकाल'मधली ती बैठक आठवली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती आमच्या बाजूने दिसली. आमच्या गावांत मेलेलं माणूस येणं ही हीन गोष्ट मुळीच नाही. गावाला सांभाळणारा देवचार येतो, राखणदार येतो, कुणाच्या अंगात भार येतो आणि घराने दडवलेलं बोलून टाकतो. घरातला कर्ता पुरुषसुद्धा तेव्हा हात जोडून ऐकतो. कुष्टोबाला बेनेगलांनी त्या वाड्यात आणलं ते या अधिकाराने, असं मला आता वाटतं. लिस्बनकडे तोंड करून बसलेल्या त्या घरात एकच माणूस खरं बोलतो, आणि तो नव्वद वर्षांपूर्वी मेलेला सत्तरीचा राणे आहे. दोना मारिया नवऱ्याला हाका मारत राहते आणि तिच्या घराने ज्यांचं वाईट केलं ते ओ देतात. यापेक्षा मोठी जागा कुष्टोबाला कोणत्या चित्रपटाने दिली असती? घोड्यावर बसून तलवार फिरवणारा राणे दाखवणं फार सोपं होतं.

दिग्दर्शकाच्या मनात नेमकं हेच होतं का, हे जाणून घ्यायची मला गरज वाटत नाही. पडद्यावर ते आहे.

दुसरं कारण घरचं. बाबा गेले आणि आमच्या मालमत्तेची इन्व्हेंटरी करायची वेळ आली. गोव्यात माणूस गेला की सगळे वारस, त्यांचे नवरे-बायका, सगळ्यांची नावं कोर्टाच्या कागदावर येतात, मगच वाटणी. भाऊ घाई करत होते आणि त्यांचंही चुकत नव्हतं. आई मात्र सहीच करीना. कारण विचारलं की म्हणे, "त्यांना न विचारता कशी करू?" रडत नव्हती, भांडत नव्हती. स्वयंपाकघर, देवपूजा, कुळागरातली, म्हणजे बागायतीतली, माणसं, सगळं व्यवस्थित चाललं होतं. फक्त तो एक कागद पुढे सरकत नव्हता, आणि त्यावर आम्हा सगळ्यांचे बेत अडून राहिले होते. त्या काळात 'त्रिकाल' पुन्हा लावला तेव्हा लीला नायडूंची दोना मारिया मला भाटकारीण म्हणून दिसलीच नाही. साखरपुडा अडवून बसलेली ती बाई आधी हेकट वाटली होती. आता कळलं की नवरा गेला हे कबूल केलं तर त्याच क्षणी घराचा ताबा दुसऱ्यांकडे जातो, हे तिला पक्कं ठाऊक आहे. लीला नायडूंनी हे जवळजवळ न बोलता केलंय. आवाज चढत नाही, मान हलत नाही, आणि तरी खोलीतली सगळी माणसं तिच्याकडे बघूनच बोलतात.

रात्रीचे प्रसंग छायालेखक अशोक मेहतांनी मेणबत्तीच्या उजेडात टिपलेत. पहिल्यांदा मला तो श्रीमंती देखावा वाटला होता. आमच्याकडे रात्री समई आणि चिमणी असे, त्याची मात्र तेव्हा आठवण झाली नाही. वीज नसलेल्या घरात अर्धा चेहरा कायम काळोखात असतो, समोरच्याच्या मनात काय चाललंय ते आवाजावरून ताडावं लागतं. वयाची काही वर्षं मी तशीच काढली आहेत. हा उजेड माझ्या ओळखीचा होता.

सगळंच आवडू लागलं असं मात्र नाही. तरुण जोड्यांच्या प्रेमाचा भाग मला तेव्हा लांबलेला वाटला होता, आजही वाटतो. पाहुणे इतके आहेत की मध्यापर्यंत कोण कोणाचा कोण हे ध्यानात राहत नाही. सगळ्यांच्या तोंडची हिंदी कानाला खटकते, त्या घरात पोर्तुगीज आणि कोंकणीच बोलली गेली असती. रेमो फर्नांडिस गातो तेव्हा मात्र तो वाडा एकदम गोव्याचा होतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. पूर्वी मी त्या चित्रपटात आपली माणसं मोजत होते. ती मोजणी झाल्यावर उरलेला चित्रपट पाहायला मला वेळ लागला, आणि मधल्या काळात घरात एक मृत्यू आणि गावात एक उत्सव पाहावा लागला. तुमच्याही मनातून उतरलेला एखादा चित्रपट असेल तर तो पुन्हा जरूर पाहा. पण आधी तेव्हा काय खटकलं होतं ते नीट आठवून घ्या. नाही तर नुसतं वय वाढल्याचा मवाळपणा येतो आणि त्यालाच आपण मत बदललं म्हणतो.

बेनेगल २०२४ च्या डिसेंबरात गेले, त्यानंतर मी तो परत पाहिला, आणि या वेळी एक नवीच तक्रार निघाली. मिलाग्रेनिया. नीना गुप्तांनी केलेली ती मोलकरीण अर्नेस्तोचीच अनौरस मुलगी आहे. तिच्या अंगावरून कुष्टोबा येतो, घराचा हिशेब मांडतो आणि जातो. तिला स्वतःला त्या घराबद्दल काय म्हणायचं होतं? इतकी वर्षं मी राणे भुताच्या रूपात का, यावरून भांडत होते, तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. पुढच्या वेळी पाहीन तेव्हा बाकी सगळे सोडून तिच्याच हालचालींकडे पाहणार आहे. तुम्हीही पाहिलात आणि तुम्हाला तिच्यात काही सापडलं, तर इथे खाली लिहा.