मूल नको म्हणणाऱ्या बाईचं मत कुणाला हवंय?

गेल्या अंकात पक्षांच्या जाहीरनाम्यांमधल्या बायकांविषयी लिहिलं होतं, त्यात ठरवून मूल न होऊ देणाऱ्या बायकांचा उल्लेख जेमतेम एका ओळीत होता आणि सगळ्यात जास्त पत्रं नेमकी त्याच ओळीवर आली. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्यालाच. नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, मी ३९ वर्षांची. आम्ही दोघांनी विचार करून मूल होऊ दिलं नाही. निवडणूक आली की मी सगळ्यांचे जाहीरनामे खरंच वाचून काढते. 'महिला' या भागात गेलं की गरोदरपण, बाळंतपणाची रजा, पाळणाघर, मुलांचं शिक्षण आणि मग एकदम वृद्ध महिला. मधे मी कुठेच नाही. नवरा म्हणतो आपलं चांगलं चाललंय, तुला कशाला काय हवंय. मला काही मागायचंय असंही नाही, पण मी कुणाला दिसतच नाही याचा राग येतो. चुकतंय का माझं?

उत्तर : अजिबात नाही. आणि "मला काही मागायचं नाही" हे तर आधी सोडून द्या, कारण तुमच्याकडे मागण्यासारखं भरपूर आहे, आजवर कुणी विचारलंच नाही म्हणून ते तोंडावर येत नाही एवढंच.

हे असं का होतं ते आधी सांगते. पक्ष मतदारांकडे एकेकटं बघत नाहीत, गठ्ठ्याने बघतात. आई झालेली बाई गठ्ठ्यात सापडते, ती लसीकरणाच्या रांगेत असते, शाळेच्या गेटवर असते, पालकसभेला येते, कुठल्यातरी योजनेच्या यादीत तिचं नाव असतं. मूल नसलेली बाई अशा कुठल्याच यादीत नसते, त्यामुळे तिच्यापर्यंत पोचायचा तयार रस्ता नाही आणि तो बनवायचे कष्ट कुणी घेत नाही. शिवाय भीती आहेच. मूल नको असणं हाही सरळ साधा निर्णय आहे एवढं एक वाक्य जाहीर सभेत बोललं तर आपण कुटुंबाच्या विरोधात आहोत असा प्रचार होईल, ही भीती डावे उजवे मधले सगळ्यांना सारखीच आहे.

अमेरिकेतली २०२४ ची निवडणूक आठवा. जे. डी. व्हान्स २०२१ मध्ये एका टीव्ही मुलाखतीत म्हणाले होते की देश मूल नसलेल्या, मांजरं पाळणाऱ्या, स्वतःच्या आयुष्यावर नाखूष बायका चालवतायत आणि देशाच्या भविष्यात यांचं थेट काही गुंतलेलंच नाही. ते उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाल्यावर ते वाक्य परत वर आलं, प्रचंड गदारोळ झाला, बायका चिडल्या. आणि पुढे धोरण म्हणून काय निघालं तर व्हान्स म्हणाले मुलामागे ५,००० डॉलरची करसवलत असावी आणि समोरच्या पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिस यांनी बाळाच्या पहिल्या वर्षासाठी ६,००० डॉलरची करसवलत जाहीर केली. बाळाच्या आईबापांना मदत मिळावीच, मला त्यात काहीही खटकत नाही. पण ज्या बायकांवरून एवढं भांडण झालं, त्यांना काय हवंय हे विचारायला दोन्हीकडून कुणी आलं नाही. हॅरिस यांनी नंतर एक चांगली गोष्ट मांडली होती, वृद्धांना घरच्या घरी मिळणाऱ्या देखभालीचा खर्च मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्यातून द्यायचा, म्हणजे मूल नसलेल्या बाईला जे सगळ्यात जास्त लागणार तेच, पण तीसुद्धा मांडली ती एकीकडे मुलं आणि दुसरीकडे आईवडील सांभाळणाऱ्यांसाठी म्हणून.

आणि अशा बायका मूठभर आहेत असंही आता म्हणता येत नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेतल्या पन्नाशीच्या आतल्या, मूल नसलेल्या लोकांपैकी ४७ टक्के म्हणाले की आपल्याला मूल होण्याची शक्यता कमी वाटते. २०१८ मध्ये हेच ३७ टक्के होते. आणि यातल्या ६४ टक्के बायकांनी मोठं कारण सांगितलं ते 'इच्छाच नाही', पुरुषांमध्ये हेच सांगणारे ५० टक्के. इतक्या लोकांना गृहीत धरून निवडणुका लढवल्या जातायत.

तर मागायचं काय? म्हातारपणी देखभाल कोण करणार, त्याची सरकारी सोय, आणि ती 'निराधार' या शिक्क्याशिवाय. आजारी आईवडील, बहीण, जोडीदार यांच्यासाठी पगारी रजा, फक्त बाळासाठी नाही. दवाखान्यात बेशुद्ध असताना माझ्या वतीने कोण निर्णय घेईल ते मी आधीच लिहून ठेवू शकेन असा सोपा कायदा. यातल्या एकाही गोष्टीने कुठल्या आईचं काही कमी होत नाही, उलट तिलाही हे सगळं लागतंच.

प्रश्न : मी दोन मुलांची आई आहे, नोकरी करते. तुमची ती ओळ वाचून खरं सांगते वाईट वाटलं. आम्ही रात्री जागून वाढवलेली मुलं उद्या कर भरणार आणि त्यातूनच सगळ्यांची पेन्शन निघणार, ज्यांना मुलं नाहीत त्यांचीही. मग पक्षांनी आमचा विचार आधी केला तर त्यात अन्याय कसला?

उत्तर : तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत ते फार आवडलं. मीही मोकळेपणाने सांगते, मला मूल नाही आणि तो माझा निर्णय आहे, तरी माझ्या करातून शाळा चालतात, लसी येतात याचं मला समाधानच वाटतं आणि त्यात अजून वाढ झाली तरी माझी तक्रार नसेल.

तुमचा पेन्शनचा मुद्दा खोटा नाही. जर्मनीत यावर कोर्टात निकाल झाला आहे. तिथल्या घटना न्यायालयाने २००१ मध्ये सांगितलं की देखभाल विम्यात, म्हणजे म्हातारपणी किंवा आजारपणात सांभाळाचा खर्च देणाऱ्या सक्तीच्या विम्यात, मुलं वाढवणारे आणि न वाढवणारे यांच्याकडून सारखाच हप्ता घेणं योग्य नाही. म्हणून २००५ पासून २३ वर्षांवरच्या मूल नसलेल्या लोकांना जादा हप्ता आहे, सुरुवातीला उत्पन्नाच्या ०.२५ टक्के होता, जुलै २०२३ पासून ०.६ टक्के. याच्याशी मी पूर्ण सहमत नाही, कारण ज्यांना हवं असूनही मूल झालं नाही तेही त्यात भरडले जातात. पण एक गोष्ट मला पटते. तिथे रक्कम ठरलेली आहे, बाई आणि पुरुष दोघांनाही लागू आहे, आणि ती भरली की हिशोब संपला. तुझं देशावर प्रेम नाही असं तिला वरून कुणी ऐकवत नाही.

त्रास आहे तो जिथे हिशोब संपतच नाही तिथे. सोव्हिएत युनियनने १९४१ मध्ये मूल नसलेल्यांवर कर लावला, त्यात पुरुष २० ते ५० वयाचे सगळे आणि बायका २० ते ४५ वयाच्या, लग्न झालेल्या. रोमानियात १९६६ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूच्या सरकारने गर्भपातावर जवळपास बंदीच घातली, ती १९८९ मध्ये सरकार पडल्यावरच उठली, तोवर चोरून केलेल्या गर्भपातांमध्ये हजारो बायका गेल्या. रशियात नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा झाला, मूल न होऊ देण्याचा 'प्रचार' केला तर माणसाला ४ लाख रूबलपर्यंत आणि संस्थेला ५० लाख रूबलपर्यंत दंड. म्हणजे तिथे मी हे सदर छापलं असतं तर ते गुन्ह्यात मोडू शकलं असतं.

आणि तुम्ही आई आहात म्हणून तुम्हीही यातून सुटत नाही बरं का. चीनने १९८० पासून एकच मूल म्हणून बायकांवर जबरदस्ती केली, २०१६ ला दोन चालतील म्हणाले, २०२१ ला तीन. आंध्र प्रदेशात दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांना स्थानिक निवडणूक लढवायला बंदी होती, ती २०२४ मध्ये उठवली आणि त्याच सुमारास मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू म्हणाले की दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांनाच उभं राहता येईल असा कायदा करायचा विचार आहे. काल जास्त होती म्हणून बंदी, आज कमी आहेत म्हणून बंदीचा विचार. दोन्ही वेळेला बाईला काय हवंय हा प्रश्न आलाच नाही, मग ती तुमच्यासारखी असो की माझ्यासारखी.

हंगेरीने तर चार किंवा जास्त मुलं असलेल्या आयांना २०२० पासून आयुष्यभर प्राप्तिकर माफ केला. जन्मदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी किती मुलं, थोडा वर गेला, २०२१ ला १.६ च्या आसपास, आणि नंतर परत खाली आला, २०२४ ला १.४ च्या आसपास. ज्या बाईला मूल नकोच आहे ती करमाफीसाठी मूल जन्माला घालत नाही आणि जिला हवंय तिला घर, वेळ आणि नवऱ्याची साथ लागते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

प्रश्न : ताई मी एका पक्षात काम करते, वय ३१. रात्रीच्या मीटिंगा, लांबचे दौरे, सुट्टीच्या दिवशीचं बूथचं काम सगळं माझ्याकडे येतं, "तुला काय, घरी मूल नाही" म्हणून. पण तिकिटाचा विषय काढला की तेच लोक म्हणतात मतदारांना कुटुंबवत्सल उमेदवार लागते. परवा एका ज्येष्ठ नेत्याने सगळ्यांसमोर विचारलं, मूल कधी. मला काही बोलताच आलं नाही. काय उत्तर द्यायचं असतं अशा वेळी?

उत्तर : तुझं पत्र वाचून फार चिडचिड झाली माझी. मूल नाही म्हणून जास्त राबवून घ्यायचं आणि मूल नाही म्हणूनच मागे ठेवायचं, दोन्ही एकाच तोंडाने.

असं ऐकणारी तू एकटी नाहीस आणि पहिलीही नाहीस. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये बिल हेफरनन नावाचे सिनेटर ज्युलिया गिलार्ड यांच्याबद्दल म्हणाले की ही बाई मुद्दाम अपत्यहीन राहिली आहे म्हणून नेतृत्वाला लायक नाही. त्यांना माफी मागावी लागली आणि गिलार्ड २०१० मध्ये पंतप्रधान झाल्या. ब्रिटनमध्ये २०१६ ला पक्षनेतेपदाच्या शर्यतीत अँड्रिया लेडसम यांनी मुलाखतीत सुचवलं की आपण आई असल्यामुळे देशाच्या भविष्यात आपलं खरंखुरं काही गुंतलेलं आहे, समोर थेरेसा मे होत्या, ज्यांना मूल होऊ शकलं नव्हतं. दोनच दिवसांत लेडसम शर्यतीतून बाहेर पडल्या. पण बघ, मे यांच्याबद्दल लोकांना सहानुभूती वाटली ती त्यांचा नाइलाज होता म्हणून. गिलार्डसारखीने स्वतः ठरवलेलं असलं की तेवढी सहानुभूती मिळत नाही. 'होत नाही' म्हटलं की बिचारी आणि 'नको' म्हटलं की स्वार्थी. म्हणून कित्येक जणी खोटं सांगतात, प्रयत्न चालू आहेत म्हणतात. तू ते करू नकोस, कारण एकदा सांगितलं की दर वर्षी त्याची चौकशी होत राहते.

दुसरा एक सापळा मला याहून जास्त काळजीचा वाटतो. हॅरिस यांच्यावर स्वतःचं मूल नाही म्हणून टीका झाली तेव्हा त्यांच्या बाजूचे लोक लगेच सांगायला लागले की अहो त्या आई आहेतच, नवऱ्याच्या आधीच्या लग्नातली दोन मुलं त्यांना किती मानतात. ते खरंच होतं आणि त्या मुलांचा अपमान होत होता म्हणून बोलणंही भाग होतं. पण नसत्या त्या कुणाच्याच आई, तर काय बिघडलं असतं, असं ठासून विचारणारे फार कमी निघाले. तुझ्याही बाजूने कुणीतरी प्रेमाने म्हणेल की ती पुतण्यांचं किती करते, वस्तीतली मुलं हिचीच आहेत. तिथे नम्रपणे थांबव. तुझं काम हीच तुझी लायकी आहे.

उत्तर म्हणशील तर जेसिंडा आर्डर्न यांच्याकडून घे. २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या लेबर पक्षाच्या नेत्या झाल्या आणि लगेचच टीव्हीवर मुलाबाळांविषयी विचारणा सुरू झाली. त्यांनी थेट सांगितलं की कामाच्या ठिकाणी बाईला हा प्रश्न विचारणं आता चालणार नाही. त्यांना पुढे मूल झालं, पण आक्षेप प्रश्नालाच होता. त्याच देशात हेलन क्लार्क मूल नसताना १९९९ ते २००८ पंतप्रधान होत्या, जर्मनीत अँगेला मर्केल स्वतःचं मूल नसताना २००५ ते २०२१ चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख. मतदारांना चालत नाही म्हणणाऱ्यांना ही सालं सांग. आणि मीटिंगमध्ये लेखी माग की रात्रीची आणि सुट्टीची कामं सगळ्यांना पाळीपाळीने, बापांनाही. हे मागताना पक्षातल्या आयांना बरोबर घे, त्यांचीही तिकिटं 'मुलं लहान आहेत' म्हणून कापली जातात.

प्रश्न : वय २७, लग्न केलेलं नाही, करायचंही नाही. कायमची नसबंदी करून घ्यायचीय पण डॉक्टर म्हणतात आधी एक मूल होऊ दे. यात राजकारण्यांचा काय संबंध, हा तर डॉक्टरचा विषय ना?

उत्तर : संबंध आहे. जपानमध्ये तर कायद्यातच लिहिलंय की गरोदरपणाने जिवाला धोका असेल किंवा आधीच बरीच मुलं असून दर बाळंतपणाने तब्येत खालावण्याची भीती असेल तरच बाईची नसबंदी करता येते, वर नवऱ्याची संमती. त्याविरुद्ध २०२४ मध्ये पाच बायका टोकियोच्या कोर्टात गेल्या. आणि कायद्यात अशी अट नसली तरी डॉक्टरच्या मताने अडतं, कारण वय पूर्ण झालेल्या बाईने समजून उमजून मागितलं तर नाही म्हणू नये असं कुणी लिहून ठेवलेलं नसतं. ते लिहायचं काम आमदार खासदारांचंच आहे.

तुझ्यापुरतं सांगायचं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा, नकार मिळाला तर कारण लेखी माग, आणि हे ऑपरेशन उलटवता येईलच याची खात्री नसते हे नीट समजून घेऊन मग ठरव. आणि मतं मागायला जो कुणी येईल, त्याला हाच प्रश्न विचार, अविवाहित बाईला मुलाच्या अटीशिवाय हे ऑपरेशन मिळावं यासाठी तुम्ही सभागृहात बोलणार का, हो की नाही. मिळालेलं उत्तर आम्हाला कळव, पुढच्या अंकात पक्षाच्या नावासकट छापू.