जन्म तिने दिला, मग मी कोण?

प्रश्न : ताई, मी आणि माझी पार्टनर नऊ वर्षं एकत्र राहतोय, मुलगी चार वर्षांची झाली. जन्म हिने दिला पण रात्रीची जागरणं, ताप, शाळेची ॲडमिशन सगळं दोघींनी मिळून केलंय, तरी कुठल्याच फॉर्मवर माझ्या नावाला जागा नसते. मागच्या महिन्यात मुलीला ॲडमिट करावं लागलं, ही प्रवासात होती आणि मला म्हणाले तुमची सही चालणार नाही. उद्या हिला काही झालं किंवा आमचंच बिनसलं तर मुलगी माझी राहील का? सगळे म्हणतात मृत्युपत्र करून ठेवा, पुरेल. खरंच पुरेल का? (नाव छापू नका)

उत्तर : नाही पुरणार, आणि हे तुम्ही आत्ताच विचारलंत हे फार बरं केलंत. मृत्युपत्रात ती तुम्हाला मुलीची पालक नेमू शकते, ते कराच, पण ते ती गेल्यावरच बोलतं. तेव्हाही तिचे आईवडील नातीसाठी पुढे आले तर शेवटचा शब्द बहुतेक ठिकाणी कोर्टाचा असतो. आणि बिनसलं तर? ती जिवंत आहे, मृत्युपत्राचा काही उपयोग नाही.

तुम्ही कुठे राहता ते लिहिलं नाहीत आणि सगळं तिथेच अडतं. कॅनडात ऑंटारियोमध्ये 2016 च्या कायद्यानंतर, गर्भधारणेच्या आधी लेखी करार केलेला असेल तर कोर्टात न जाता चार जणांपर्यंत पालक नोंदवता येतात. भारतात मात्र लग्न न झालेल्या जोडप्याला मिळून दत्तक घेता येत नाही, 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने 3 विरुद्ध 2 मतांनी तो नियम तसाच ठेवला. एकट्या बाईला दत्तक घेता येतं, दोघींना मिळून नाही, मला हे मुलांवर अन्याय करणारंच वाटतं कारण घरात दोन आया असून कागदावर एकच उरते.

जिथे पार्टनरच्या मुलाला दत्तक घ्यायची सोय आहे तिथे ते घ्याच, जन्मदाखल्यावर नाव आहे म्हणून थांबू नका. स्वतःच्याच लेकराला दत्तक काय घ्यायचं, अपमान वाटतो, मला कळतं. पण अमेरिकेतली एक केस सांगते. दोघी बायका, तीन मुलं, जन्म न देणाऱ्या आईने 2007 मध्ये जॉर्जियाच्या कोर्टातून मुलांना दत्तक घेतलं होतं, पुढे दोघी वेगळ्या झाल्या आणि अलाबामाचं सर्वोच्च कोर्ट म्हणालं आम्ही ते दत्तक मानत नाही. मार्च 2016 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं, का तर एका राज्याच्या कोर्टाचा हुकूम दुसऱ्याने मानलाच पाहिजे. हातात नुसता दाखला असता तर हे इतकं सरळ झालं नसतं.

परदेशी जाणार असाल तर आणखी जपा. स्पेनमध्ये जन्मलेल्या एका मुलीच्या दाखल्यावर दोन आया होत्या, त्यातली एक बल्गेरियाची, आणि बल्गेरियाने मुलीला दाखला द्यायचं नाकारलं. डिसेंबर 2021 मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने सांगितलं की मुलीला ओळखपत्र किंवा पासपोर्ट द्या आणि युरोपियन युनियनमध्ये दोघींबरोबर फिरू द्या, पण तेवढ्यापुरतंच, बाकी कुटुंबाचे कायदे ज्या त्या देशाचे.

आता लगेच करायचं ते सांगते. मुलीच्या उपचारांना संमती द्यायचा अधिकार तुम्हाला देणारं पत्र पार्टनरकडून घ्या, तिथल्या पद्धतीप्रमाणे नोटरी वगैरे करून, आणि फोटो मोबाईलमध्ये ठेवा. हॉस्पिटल ऐकेलच असं नाही पण रिकाम्या हाताने उभं राहण्यापेक्षा पुष्कळ बरं. शाळेतही तसंच पत्र द्या. कुलमुखत्यारपत्रावर फार विसंबू नका, देणारा माणूस गेला की साधारणपणे ते तिथंच संपतं. फीच्या पावत्या, डॉक्टरांच्या फाईलवर तुमचं नाव असलेली पानं, सगळं एका जागी ठेवा, कोर्टात गेलात तर रोज कोण सांभाळत होतं हे त्यावरूनच दाखवावं लागतं.

आणि वकिलाकडे दोघी मिळून जा, आत्ता सगळं नीट चाललंय तेव्हाच, भांडण झाल्यावर ही सही मागणं फार अवघड जातं.